रिपोर्टमध्ये ४७,एक्सएक्सवाय आलंय, आता आधी काय?

प्रश्न सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंचा आहे. लग्नाला चार वर्षं झाली. मिस्टर ३१ वर्षांचे, उंची सहा फूट. दोन वेळा वीर्यतपासणी झाली, दोन्ही वेळा शुक्राणू शून्य. एफएसएच (वृषणांना कामाला लावणारं हार्मोन) ३८, म्हणजे बरंच जास्त; टेस्टोस्टेरॉन (पुरुष हार्मोन) कमी. मग गुणसूत्रांची तपासणी झाली आणि रिपोर्ट आला ४७,एक्सएक्सवाय, म्हणजे क्लाइनफेल्टर सिंड्रोम: पुरुषात नेहमी ४६ गुणसूत्रं असतात, त्यांत एक एक्स आणि एक वाय; इथे एक एक्स जास्त. एका डॉक्टरांनी याच आठवड्यात टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुरू करायला सांगितलंय. ते घ्यावं का, स्वतःचं मूल होईल का, धाकट्या दिराचं लग्न ठरतंय तर त्याचीही तपासणी करावी का, असं ताई विचारतात. शेवटी एक ओळ आहे: "दोन एक्स म्हणजे बाई, असं कुठेतरी वाचून ते दोन दिवस नीट जेवलेले नाहीत."

ताई, त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करतो. दोन दिवस न जेवलेल्या माणसाला बाकीचं काही ऐकू येत नाही.

तुमचे मिस्टर पुरुष आहेत. रिपोर्ट यायच्या आदल्या दिवशी होते तेवढेच आजही आहेत. बाळ मुलगा होणार की मुलगी, हे एक्स मोजून ठरत नाही. वाय आहे की नाही यावर ठरतं. वायवर एसआरवाय नावाचा एक छोटासा जनुक असतो, तो १९९० साली सापडला. गर्भाच्या सहाव्या-सातव्या आठवड्यात तो जागा होतो आणि तिथून वृषणं घडायला लागतात. सोबत एक एक्स असो, दोन असोत की तीन, वाय असेल तर मुलगाच घडतो. दुसऱ्या एक्सचं काय होतं? तो बहुतांशी बंद करून ठेवला जातो. प्रत्येक स्त्रीच्या पेशीतही एक एक्स असाच मिटून ठेवलेला असतो, हे मेरी लायन यांनी १९६१ साली मांडलं. तुमच्या मिस्टरांच्या पेशीत नेमकं तेच घडतं. फक्त त्या मिटलेल्या एक्सवरचे काही जनुक पूर्ण बंद होत नाहीत, ते कुजबुजत राहतात. पुढे मी जी लक्षणं सांगणार आहे ती बरीचशी त्या कुजबुजीची.

(एक गंमत सांगतो. काळा, केशरी आणि पांढरा असे तीन रंग अंगावर असलेली मांजर जवळजवळ नेहमी मादी असते, कारण केशरी रंगाचा जनुक एक्सवर असतो आणि काळा-केशरी दोन्ही दिसायला दोन एक्स लागतात. क्वचित तसा बोका सापडतो. तो बहुधा एक्सएक्सवाय असतो. आणि त्याला मांजर म्हटलेलं कुणी ऐकलं नाही, सगळे बोकाच म्हणतात. माझ्या एका पेशंटला हे सांगितलं तेव्हा तीन भेटींत तो पहिल्यांदा हसला.)

आता इंजेक्शन. माझं उत्तर: आज नको. कधीच नको असं नाही, बहुधा लागणारच आहे. पण क्रम उलटा लागला तर नुकसान होतं, आणि हा क्रम उलटा लागलेला मी बावीस वर्षांत इतक्यांदा पाहिलाय की एवढं लांब उत्तर लिहायला बसलो ते मुख्यतः त्यासाठीच.

कारण समजून घ्या. गच्चीवरच्या टाकीत फुगा असतो ना, टाकी भरली की पाणी थांबवणारा? मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी तसंच वागते. रक्तात टेस्टोस्टेरॉन कमी दिसलं की ती एलएच आणि एफएसएच ही दोन हार्मोन्स सोडून वृषणांना "काम करा" म्हणून हाकारत राहते. मिस्टरांचं एफएसएच ३८ आलंय ते यामुळेच: वरून हाका चालल्यात, खालून उत्तर येत नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं की फुगा वर जातो. टाकी भरलेली दिसते, पिट्युटरी गप्प होते, आणि वृषणात कुठे एखाद्या कोपऱ्यात शुक्राणू तयार होत असतील तर तेही थांबतात. इंजेक्शन बंद केल्यावर ते परत सुरू होऊ शकतात, पण त्यात महिने जातात. मूल हवं असलेल्या जोडप्याचे ते महिने उगाच गेलेले असतात.

तेव्हा पहिला प्रश्न इंजेक्शनचा नाही. आपल्याला स्वतःच्या शुक्राणूंसाठी प्रयत्न करायचा आहे की नाही, हा पहिला प्रश्न. तो तुम्ही दोघांनी ठरवायचा. सासूबाईंनी नाही, मीही नाही.

प्रयत्न म्हणजे काय, ते सविस्तर सांगतो, कारण इथे खोटी आशाही विकली जाते आणि खोटी निराशाही.

आधी रिपोर्ट नीट वाचा. प्रयोगशाळेत रक्तातल्या पांढऱ्या पेशी तीन दिवस वाढवतात, विभाजन मध्येच थांबवतात, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं मोजतात. साधारण वीस ते तीस पेशी मोजलेल्या असतात, तो आकडा रिपोर्टवर लिहिलेला असतो. सगळ्या पेशी ४७ गुणसूत्रांच्या निघाल्या तर तो नेहमीचा प्रकार. दहापैकी आठ-नऊ जणांत असाच असतो. काहींत थोड्या पेशी ४६,एक्सवाय आणि थोड्या ४७,एक्सएक्सवाय अशी सरमिसळ असते, तिला मोझेक म्हणतात. मोझेक असेल तर लक्षणंही सौम्य आणि शुक्राणू मिळण्याची शक्यताही बरी.

मग वीर्यतपासणी आणखी एकदा, पण या वेळी नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा गाळ तपासायला सांगा. साध्या तपासणीत "शून्य" आलेल्या काही क्लाइनफेल्टर पुरुषांच्या गाळात मोजके शुक्राणू सापडतात. सापडले तर गोठवून ठेवता येतात आणि ऑपरेशन टळू शकतं. फार आशेने नका जाऊ, पण ही पायरी गाळूही नका. खर्च थोडा, त्रास नाही.

गाळातही काही नसेल तर मायक्रो-टेसे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कचे पीटर श्लेगेल यांनी ही पद्धत पुढे आणली. भूल देऊन वृषण उघडतात आणि ऑपरेशनच्या मायक्रोस्कोपखाली आतल्या केसासारख्या नळ्या एकेक करून पाहतात. क्लाइनफेल्टरमध्ये बहुतेक नळ्या वयात येतानाच सुकून कडक होतात. पण काहींच्या वृषणात मोजक्या नळ्या फुगीर, पांढरट, जिवंत राहिलेल्या असतात. सर्जन त्या हुडकतो, उचलतो आणि शेजारच्या खोलीत बसलेला एम्ब्रियॉलॉजिस्ट (भ्रूणतज्ज्ञ) त्यात शुक्राणू शोधतो. दोन-तीन तास लागतात, कधी जास्त. सुई टोचून नमुना काढण्याच्या जुन्या पद्धतीत यश यापेक्षा बरंच कमी, कारण सुई आंधळी असते. "आधी सुईने बघू, मग पुढचं" असं कुणी म्हणालं तर क्लाइनफेल्टरसाठी तसं का, हे जरूर विचारा.

आकडे हवेत ना? २०१७ साली जगभरच्या बाराशेहून अधिक क्लाइनफेल्टर पुरुषांचे प्रसिद्ध झालेले अनुभव एकत्र मोजले गेले. शुक्राणू मिळाले साधारण शंभरात चव्वेचाळीस जणांना. हा आकडा तुम्हाला कुठल्याही केंद्राच्या माहितीपत्रकावर दिसेल. त्याच्या पुढचा आकडा मात्र दिसणार नाही. शुक्राणू मिळाले म्हणजे मूल झालं असं नाही. इक्सी करायची, म्हणजे एकेक शुक्राणू एकेका बीजांडात टोचायचा (हे तंत्र ब्रुसेल्सचं, १९९२ चं), मग भ्रूण वाढायला हवा, रुजायला हवा, टिकायला हवा. ऑपरेशनच्या टेबलापासून घरी आलेल्या बाळापर्यंत मोजलं तर शंभरात सोळाच्या आसपास. म्हणजे सहा जोडप्यांत एक. मी हा आकडा प्रत्येक जोडप्याला कागदावर लिहून देतो. काही जण तो वाचून "करूया" म्हणतात, काही "राहू दे" म्हणतात. दोन्ही निर्णय शहाणपणाचे असू शकतात.

बाळालाही हेच होईल का, हा पुढचा प्रश्न नेहमी येतो. क्लाइनफेल्टर असलेल्या वडिलांची या मार्गाने झालेली बहुसंख्य मुलं गुणसूत्रांच्या बाबतीत सामान्य निघाली आहेत. धोका किंचित जास्त धरतात, म्हणून भ्रूणाची गुणसूत्र-तपासणी करण्याचा पर्याय दिला जातो. आपल्याकडे ती तपासणी १९९४ च्या लिंगनिदानविरोधी कायद्याखाली नोंदणी असलेल्या केंद्रातच होते. गुणसूत्रातला दोष शोधायला कायद्याने परवानगी आहे. मुलगा की मुलगी हे सांगायला नाही.

ऑपरेशनचा एक तोटा कुणी आधी सांगत नाही. त्यानंतर टेस्टोस्टेरॉन आणखी खाली जातं, आणि क्लाइनफेल्टरमध्ये ते पुरतं सावरेलच असं नसतं. म्हणजे नंतर इंजेक्शन लागण्याची शक्यता वाढते. तयारीने जा. ऑपरेशनच्या आधी काही महिने लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल किंवा एचसीजीची इंजेक्शनं देण्याची पद्धत आहे. शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन थोडं वर आणायचा तो प्रयत्न असतो. फायदा किती, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही; तुमचे सर्जन देत असतील तर माझी हरकत नाही. ३१ हे वय उशिराचं नाही. पण आता चार वर्षं पत्रिका, नवस आणि काढे यांच्यात घालवू नका. आणि एक, तुमचंही वय मोजा. बीजांडांचं घड्याळ वेगळं चालतं.

शुक्राणू मिळाले नाहीत, किंवा त्या वाटेला जायचंच नाही, तर दात्याचे शुक्राणू किंवा दत्तक. इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण माझ्यासमोर बसून ती पन्नास वेळा विचारली गेलीय, बहुतेक वेळा नवऱ्याला बाहेर बसवून: "दिराचं चालेल का, रक्त घरातलंच राहील." नाही चालत. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन कायद्यानुसार शुक्राणू नोंदणीकृत बँकेतूनच घ्यावे लागतात, दाता २१ ते ५५ वयाचा असतो आणि त्याची ओळख गुप्त राहते. अशा मुलाला त्या जोडप्याचं स्वतःचं मूल म्हणून सगळे हक्क कायद्याने मिळतात. कायदा बाजूला ठेवला तरी, त्या दिराकडे दर दिवाळीला कोणत्या नजरेने बघायचं, याचा विचार ते सुचवणाऱ्याने केलेला नसतो.

हे ठरलं की मग टेस्टोस्टेरॉन. प्रयत्न करायचा नसेल तर लगेच. करायचा असेल तर तो आटोपल्यावर. सुरू करण्याआधी सकाळी आठ-नऊच्या सुमारास, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी रक्त द्या. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असतं आणि जेवल्यावर उतरतं. दुपारी दिलेल्या एका नमुन्यावर आयुष्यभराचं औषध सुरू केलेलं मला पटत नाही.

औषधाचे प्रकार साधारण तीन. तेलातलं मिश्र इंजेक्शन, २५० मिलिग्रॅम, दोन ते चार आठवड्यांनी: स्वस्त, कुठेही मिळतं, पण पहिल्या आठवड्यात उसना जोर आणि शेवटच्यात मरगळ. घरच्यांना तारीख न बघता कळतं की इंजेक्शन जवळ आलंय, कारण चिडचिड सुरू होते. दुसरं लांब पल्ल्याचं, टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएट १००० मिलिग्रॅम. पहिल्या दोन इंजेक्शनांत सहा आठवड्यांचं अंतर, पुढे दहा ते चौदा आठवड्यांनी. महाग आहे, कमरेत खोल आणि सावकाश द्यावं लागतं. घाईच्या कंपाउंडरचं ते काम नाही. तिसरं जेल. रोज खांद्याला लावायचं, हात धुवायचे, आणि ते वाळून कपड्याने झाकल्याशिवाय लहान मुलाला उचलून घ्यायचं नाही, नाहीतर औषध त्याच्या अंगाला लागतं.

काय सुधारतं? अंगात ताकद येते, थकवा उतरतो, दाढी-मिशी भरते, इच्छा परत येते, हाडं घट्ट होतात, रक्ताची कमतरता असेल तर भरून निघते. काय सुधारत नाही? वृषणांचा आकार आणि शुक्राणू. छातीवर एकदा वाढलेला भागही औषधाने सहसा ओसरत नाही, त्याला छोटी शस्त्रक्रिया लागते. शर्टाच्या आत कायम बनियनवर बनियन घालणारी, पोहायला कधीच न जाणारी मुलं मी पाहिलीत. ती शस्त्रक्रिया त्यांच्यासाठी चैन नसते.

औषध चालू असताना रक्त दाट होतं का यावर नजर लागते. हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर थांबायचं. चाळिशी-पन्नाशीनंतर पीएसए, म्हणजे प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी. आणि जिममधल्या ट्रेनरकडून "तेच तर आहे, मी स्वस्तात देतो" असं ऐकू आलं तर तिथून उठून यायचं.

रेल्वेरुळांच्या कडेच्या भिंतींवर चुन्याने रंगवलेल्या त्या जाहिराती माहीत असतीलच, "गुप्तरोग, शर्तिया इलाज" वाल्या. माझ्याकडे येणाऱ्या क्लाइनफेल्टर पेशंटांपैकी बरेच जण आधी तिथे जाऊन आलेले असतात. भस्मं खाल्लेली, पैसे गेलेले, आणि त्याहून वाईट म्हणजे "हस्तमैथुनामुळे झालं" हे डोक्यात पक्कं बसलेलं. त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. ही गोष्ट त्यांच्या जन्माच्या आधीच घडून गेलेली आहे.

त्यावरून तुमच्या सासूबाईंकडे येतो. तुम्ही लिहिलंय की त्या म्हणतात, माझ्या पोटात असताना ग्रहण पाळलं नाही, म्हणून झालं. त्यांना माझं नाव सांगून सांगा, डॉक्टर म्हणाले नाही. बीजांड किंवा शुक्राणू तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या सुटून दोन बाजूंना जाव्या लागतात. कधीतरी एक जोडी सुटत नाही, दोन्ही एकाच बाजूला जातात. एवढंच. साधारण निम्म्या वेळा हे आईकडून होतं आणि निम्म्या वेळा वडिलांकडून; वडिलांचा एक्स आणि वाय फक्त टोकांशी एकमेकांना धरतात, तो धागा नीट जुळला नाही की घोळ होतो. आईच्या बाबतीत तर आणखी विचित्र. बाईच्या बीजांडांचं हे विभाजन ती स्वतः तिच्या आईच्या पोटात असताना सुरू झालेलं असतं आणि मग वर्षानुवर्षं थांबून राहतं. तेव्हा सासूबाईंना दिवस गेले त्या क्षणी सगळं ठरून गेलेलं होतं. नंतरचं ग्रहण, पपई, दगदग, काहीही त्यात बदल करू शकत नव्हतं.

म्हणूनच दिराचं उत्तर सोपं आहे. हे घराण्यात चालत येत नाही. दिराला असण्याची शक्यता गावातल्या कुठल्याही मुलाला असते तेवढीच. लग्नाआधी गुणसूत्रांची तपासणी करून घेण्याचं कारण नाही. दाढी-मिशी आलीय, शरीराची वाढ नीट आहे, मग त्याला सुखाने लग्न करू द्या.

पण "कुठल्याही मुलाला असते तेवढी" म्हणजे किती? साधारण सहाशे मुलग्यांत एक. ताई, हा आकडा मी मुद्दाम वेगळा काढून ठेवला होता. मोठ्या शाळेत, दोन-तीन तुकड्यांच्या, एखादा तरी बहुधा असणारच. मग इतके पुरुष दिसत का नाहीत? डेन्मार्कमध्ये देशभरातल्या गुणसूत्र-तपासण्यांची नोंद होते. तिथे हिशेब केला तेव्हा असं निघालं की जेवढे असायला हवेत त्यांच्यापैकी एक चतुर्थांशच कधी ना कधी ओळखले जातात, आणि वयात येण्याआधी ओळखले जाणारे दहा टक्क्यांपेक्षाही कमी. ही डेन्मार्कची गोष्ट, जिथे सगळं कागदावर असतं. आपल्याकडचं तुम्हीच ताडा.

हे लपून राहतं कारण लहानपणी दिसण्यासारखं फारसं नसतं. बोलायला जरा उशीर. वाचताना अडखळणं. लाजाळू, वर्गात मागच्या बाकावर, मास्तरांच्या भाषेत "लक्ष नसलेला". बुद्धी बहुतेकांची सर्वसाधारण मर्यादेतच असते; अडचण शब्दांची असते. ऐकलेलं पटकन पकडायला आणि मनातलं शब्दांत मांडायला वेळ लागतो. मग बाराव्या-तेराव्या वर्षी मुलगा शेवग्याच्या शेंगेसारखा वाढतो, धड आखूड आणि पाय लांब. त्याचं एक कारण वाढीशी संबंधित शॉक्स नावाचा जनुक. तो एक्स आणि वाय दोन्हींच्या टोकाला असतो, त्यामुळे या मुलांत त्याच्या दोनाऐवजी तीन प्रती होतात. उंची वाढली म्हणून घरचे खूश. मिसरूड फुटतं, आवाज बदलतो, कारण सुरुवातीला टेस्टोस्टेरॉन पुरेसं असतं. एकच गोष्ट जागच्या जागी थांबलेली असते, आणि ती कुणी बघत नाही.

आमच्याकडे लाकडी मण्यांची एक माळ असते. प्राडर नावाच्या स्विस डॉक्टरांच्या नावाने ओळखली जाते. बारा मणी, १ पासून २५ मिलिलीटरपर्यंत. जपमाळच म्हणा. मुलाचं वृषण एका हाताने चाचपायचं, दुसऱ्या हाताने त्या मापाचा मणी शोधायचा. मोठ्या पुरुषाचं माप साधारण १५ ते २५ येतं. क्लाइनफेल्टरमध्ये ते ६ च्या पुढे क्वचित जातं, बहुधा ३-४ ला अडतं, आणि हाताला टणक लागतं. अर्ध्या मिनिटाचं काम. मशीन नको, वीज नको. पण शाळेच्या आरोग्यतपासणीत दात, डोळे, वजन पाहतात आणि मुलगा चड्डी सावरत पुढे जातो. तापासाठी आणलेल्या पंधरा वर्षांच्या पोराला कुणी तिथे तपासत नाही. डॉक्टरलाही संकोच, आईलाही. तुमच्या मिस्टरांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन एकविसाव्या वर्षी झालंय असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे निदान तीन-चार डॉक्टरांच्या डोळ्यांसमोरून हे निदान गेलंय.

आणि खुद्द पुरुषालाही कळत नाही. संबंध होतात, वीर्य येतं. वीर्याचा बहुतेक भाग वृषणातून येतच नाही, तो प्रोस्टेट आणि वीर्यकोशांतून येतो. शुक्राणू नसले तरी बाहेरून फरक दिसत नाही. म्हणून हे निदान होतं ते लग्नानंतर तीन-चार वर्षांनी, आणि तेही बायकोच्या सगळ्या तपासण्या, दोन सोनोग्राफ्या, एक लॅपरोस्कोपी आणि अर्ध्या गावाचं "काही गोड बातमी?" सोसून झाल्यावर. ताई, तुमचंही तसंच झालंय, हे तुमच्या जोडलेल्या कागदांवरून दिसतं. वंध्यत्वात पहिली तपासणी वीर्याची असायला हवी. सर्वांत स्वस्त, सर्वांत बिनत्रासाची. वीर्यात शुक्राणू शून्य असलेल्या पुरुषांपैकी दहातल्या एकाला क्लाइनफेल्टर निघतो.

इथे एका शब्दाचा निकाल लावतो. नातेवाइकांपैकी कुणीतरी "नपुंसक" म्हणालं असं तुम्ही लिहिलंय. संबंध ठेवता न येणं म्हणजे नपुंसकत्व. मूल न होणं म्हणजे वंध्यत्व. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही विवाह रद्द करण्याचं कारण म्हणून पहिलं दिलंय, दुसरं नाही. तुमच्या मिस्टरांना दुसरं आहे, पहिलं नाही. मात्र अविवाहित असताना निदान झालेले जे तरुण हे वाचत असतील त्यांना सांगतो, लग्न ठरण्याआधी मुलीला सांगा. तिच्या बापाला नको, तिला. लपवलं तर फसवणुकीचा मुद्दा त्याच कायद्यात आहे, पण मी कायद्यासाठी सांगत नाहीये. पहिल्याच वर्षी कपाटातली फाइल सापडलेली बायको काय करते ते मी पाहिलंय.

पुढच्या काळजीचं भरभर सांगतो. साखर, चरबी आणि पोटाचा घेर यांच्यावर लक्ष ठेवा. मधुमेह या पुरुषांत जास्त आढळतो, टेस्टोस्टेरॉन दिलं तरी चालणं सोडू नये. हाडांची घनता एकदा डेक्सा स्कॅन करून बघा. थायरॉइड तपासा. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका जास्त असतो, म्हणून एकाच पोटरीला अचानक सूज आली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. छातीत एका बाजूला टणक गाठ लागली तर दाखवा. स्तनाचा कर्करोग इतर पुरुषांपेक्षा यांच्यात जास्त होतो, तरी बायकांच्या तुलनेत फार कमी. दात लवकर किडतात का? काहींच्या दाढांतली पोकळी मोठी असते, दंतवैद्यांना सांगून ठेवा. डेन्मार्कच्याच नोंदींत निदान झालेल्या पुरुषांचं आयुष्य सरासरी दोन वर्षांनी कमी निघालं होतं. सिगारेट ओढणारे मिस्टर असतील तर सिगारेट त्याहून जास्त घेऊन जाते.

नाव कुठून आलं, असं मिस्टरांनी विचारलं तर सांगा. १९४२ साली बॉस्टनमध्ये हॅरी क्लाइनफेल्टर या तरुण डॉक्टरने नऊ पुरुषांचं वर्णन प्रसिद्ध केलं. काम त्याच्या गुरूंच्या, फुलर ऑल्ब्राइट यांच्या हाताखाली झालेलं, पण गुरूंनी शिष्याचं नाव आधी छापू दिलं. म्हणून रोगाला शिष्याचं नाव. गुणसूत्रांचा उलगडा तेव्हा झालाच नव्हता. तो १९५९ साली एडिंबरात पॅट्रिशिया जेकब्स आणि जॉन स्ट्राँग यांनी केला. आणि हा आजार आजकालच्या खाण्यापिण्याने आला म्हणणाऱ्या काकांसाठी: पोर्तुगालमध्ये सापडलेल्या सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या एका सांगाड्याच्या डीएनएत एक्सएक्सवाय निघालंय. तोही उंचच होता.

तुम्ही लिहिलंय की मिस्टर वाचायला टाळतात, बँकेचे फॉर्म तुम्हीच भरता, आणि दहावीला दोनदा बसले. त्यांना आळशी म्हणत आले सगळे. तो रिपोर्ट त्यांना दाखवताना हेही दाखवा. माझ्याकडे एक पंचेचाळिशीचे शेतकरी आले होते; बीजोत्पादनाचा धंदा उत्तम चालवायचे, सही करताना मात्र हात अडखळायचा. मी हे समजावून सांगितलं तर शुक्राणूंबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. म्हणाले, "म्हणजे मास्तर मारायचे ते उगाच?" आज अशा मुलाला वेळेत ओळखलं तर वाचा-उपचार मिळतात, आणि अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जास्त वेळ आणि लेखनिकही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे.

पुढच्या आठवड्यात जे कुणी अंतःस्रावतज्ज्ञ (हार्मोनचे डॉक्टर) तुम्ही गाठाल, पुण्यात गाठा की कऱ्हाड-कोल्हापूरला, त्यांच्याकडे जाताना गुणसूत्रांचा मूळ रिपोर्ट न्या, मोबाइलमधला फोटो नको. वीर्यतपासणीचे दोन्ही कागद, एफएसएच-एलएचचे आकडे, तुमचे स्वतःचे सगळे रिपोर्ट. मिस्टरांना सकाळी उपाशीपोटी न्या, रक्त तिथेच देता येईल. आणि रक्त देऊन झालं की समोरच्या हॉटेलात त्यांना मिसळ खायला घाला, दोन दिवस झालेत म्हणालात.